घाटात गाडी दम टाकते: पंप खोलायच्या आधी काय बघायचं

फोन साधारण असा येतो. "मिस्त्री, गाडी पोफळीच्या वर उभी आहे. चढत नाही. पंप गेला वाटतं, खोलूनच टाका." बोलणारा मालक घरी बसलेला असतो, गाडी त्याने बघितलेली नसते, पण पंपाचं, म्हणजे इंजिनाला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाचं, निदान मात्र पक्कं झालेलं असतं.

मी कराडला ट्रक-टिपरचं काम करतो. आमची निम्मी गिऱ्हाइकी चिपळूण-कराड रस्त्यावरच्या कुंभार्ली घाटाने दिलेली. लोटे-चिपळूणकडून भरून आलेली गाडी सपाटीला पन्नास-साठने पळते, तोवर तिचं दुखणं झाकलेलं राहतं. घाट लागला की पितळ उघडं. अशा गाड्या किती बघितल्या याचा हिशोब ठेवलेला नाही, पण त्यात पंप किंवा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा) खरोखर गेलेले निघाले त्या थोड्याच. बाकीच्यांचं दुखणं फिल्टरात, होजच्या क्लिपात, टाकीच्या झाकणात, नाहीतर चक्क ब्रेकात. ते न शोधता पंप खोलला की खर्च होतो, दुखणं जागच्या जागी राहतं आणि पंधरा दिवसांनी तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तोच घाट.

लक्षणं

खालच्यापैकी दोन-तीन जुळत असतील तर पुढचं वाचा.

– सपाटीला ठीक, चढाला लोड घेत नाही. जिथे नेहमी थर्डने निघायची तिथे सेकंड, मग फर्स्ट.
– पेडल तळाला लावूनही आरपीएम चढत नाही, उलट हळूहळू पडत जातो.
– बाजूला घेऊन दहा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा नीट चालते, थोड्या अंतराने पुन्हा तेच.
– नेहमीपेक्षा जास्त काळा धूर. किंवा उलट, ताकद नाही आणि धूरही नाही.
– टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बाजूने नवीन शिट्टी किंवा फुसफुस.
– सकाळी स्टार्टला वेळ लागतो, हँड पंप मारावा लागतो.
– अ‍ॅव्हरेज घसरलाय. मालकाला हे लक्षण सगळ्यात आधी कळतं.
– बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाडीत डॅशबोर्डवर दिवा लागलाय आणि गाडी मुद्दाम अडवल्यासारखी चालते.

सपाटीला गाडी ८० च्या वर जात नाही, ही मात्र तक्रार नव्हे. तो स्पीड गव्हर्नर आहे. त्यासाठीही लोक गाडी घेऊन येतात.

पाना उचलण्याआधी ड्रायव्हरला तीन प्रश्न

पहिला: धूर कोणता? काळा असेल तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. धूर नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलच पुरेसं पोचत नाही. गरम इंजिनावर पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. या एका उत्तराने निम्मी यादी गळते. फक्त बीएस-६ गाडीत सायलेन्सरच्या जागी काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो, त्यामुळे काळा धूर दिसत नाही. तिथे धुरावर विसंबू नका.

दुसरा: आरपीएम पडतो की चढतो? पेडल दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही आणि करपट वास येतो, तर इंजिन ठणठणीत आहे. क्लच घसरतोय. ते काम वेगळं, इथून पुढचं वाचायची गरज नाही.

तिसरा: बंद करून थांबलं की ताकद परत येते का? येत असेल तर बहुतेक वेळा टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) या पट्ट्यातच दुखणं असतं. याचं कारण पुढे एका गाडीच्या गोष्टीत येईल.

ड्रायव्हरला हे प्रश्न मालकासमोर विचारू नका. मालक समोर असला की ड्रायव्हर "सगळंच होतंय" म्हणतो.

वजन आणि पेडल

हसू नका, पण सुरुवात वजनकाट्याच्या पावतीपासून. दहा चाकी गाडीची एकूण वजनाची मर्यादा २०१८ मध्ये २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. कागदावर मर्यादा वाढली म्हणून जुन्या गाडीच्या इंजिनाचे घोडे वाढले नाहीत. आणि २८.५ सांगून ३४ भरलेली गाडी घाटात दम टाकते, तेव्हा ती आजारी नसते, थकलेली असते.

मग पेडल. एकाने केबिनमध्ये बसून पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने जुन्या गाडीत पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपरला टेकतो का ते बघायचं. केबल ताणलेली, पिन झिजलेली, किंवा पेडलखाली जाडजूड नवीन मॅट, म्हणून पाऊण पेडलावर घाट चढणाऱ्या गाड्या मी बघितल्यात. इलेक्ट्रॉनिक पेडलच्या गाडीत मॅट उचलून बघा आणि सॉकेटमध्ये पाणी-माती गेलीय का ते तपासा. खर्च शून्य.

गाडी ओढत नाही, की कोणी मागे धरलंय?

ब्रेक धरून ठेवलेली गाडी आणि ताकद गेलेली गाडी, ड्रायव्हरला सीटवर दोन्ही सारख्याच वाटतात. तपासणी सोपी. सपाटीला पाच-सहा किलोमीटर ब्रेक न लावता चालवा, गिअरवर थांबा, आणि प्रत्येक ड्रमजवळ हाताचा पंजा उलटा करून न्या. स्पर्श करू नका, नुसती धग बघा. एका चाकाची धग जोडीदारापेक्षा खूप जास्त असेल तर तिथे लायनर घासतंय. बहुतेक वेळा कोणीतरी ब्रेकचा ढिलेपणा काढणारा स्लॅक अ‍ॅडजस्टर जास्त आवळलेला असतो किंवा ब्रेकचा कॅमशाफ्ट बुशात जाम झालेला असतो.

हवेचं गेजही बघा. मागच्या चाकांचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. हवा पूर्ण भरत नसेल तर तो अर्धवट लागलेलाच राहतो.

पण त्या ब्रेक चेंबरला हात लावू नका. मागच्या चेंबरमध्ये दाबून बसवलेली जबरदस्त स्प्रिंग असते. पट्टा सोडला की ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते आणि माणूस जागीच जातो. स्प्रिंग दाबून धरणारा केज बोल्ट लावून, काम येणाऱ्यानेच तो उघडायचा.

एअर फिल्टर

काळा धूर आणि ताकद कमी, ही जोडी दिसली की आधी फिल्टर. हाउसिंगवर छोटा इंडिकेटर असतो. लाल पट्टी वर आली असेल तर फिल्टर चोक आहे, वाद नको. इंडिकेटर तुटलेला असेल (बहुतेक गाड्यांत असतोच) तर फिल्टर काढून आत मोबाइलचा दिवा धरा. कागदातून सगळीकडे सारखा उजेड बाहेर आला पाहिजे. कुठेतरी नुसता टिपका चमकला तर तिथे भोक आहे, मग तो फिल्टर कितीही स्वच्छ असो, फेका.

कोकणात जांभा चिरा वाहणाऱ्या गाड्यांचे फिल्टर वेळेच्या कितीतरी आधी भरतात. ती लाल धूळ पिठासारखी असते, कागदाच्या घडीत जाऊन बसते. कंपनीच्या पुस्तकातलं किलोमीटरचं वेळापत्रक हायवेच्या गाडीसाठी लिहिलेलं असतं, चिऱ्याच्या खाणीत फिरणाऱ्या गाडीला ते लागू नाही. पावसाळ्यात उलटा त्रास: कागद भिजतो, फुगतो आणि हवा अडवतो. भिजलेला फिल्टर उन्हात वाळवून परत घालायचा नाही.

हवा मारायची तर आतून बाहेर, आणि नोझल लांब धरून. टायरला मारतो तशी पूर्ण प्रेशरने मारली की कागद फाटतो, डोळ्याला दिसतही नाही. आतला छोटा फिल्टर झटकायचा नसतो, बदलायचाच.

आणि "एक खेप बिनफिल्टरची मारून बघू" असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. निदान होईल, पण त्या एका खेपेत धूळ टर्बोच्या पात्यांना आणि सिलिंडरच्या लायनरला खाऊन ठेवते.

डिझेल: पाणी, फिल्टर, झाकण

पहिल्या फिल्टरच्या तळाला ड्रेन असतो. पाण्याच्या पारदर्शक बाटलीत कपभर डिझेल काढा आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यात कोकणातून आलेल्या गाडीत ही रेघ दिसली नाही तरच मला नवल वाटतं. पाणी शिरतं कुठून? टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं असतं आणि झाकणाभोवती तळं साचतं. रबर स्वस्त, इंजेक्टर महाग. जुन्या पंपाच्या गाड्या थोडं पाणी पचवायच्या, कॉमन रेलवाल्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल मिळणाऱ्या) नाहीत. त्यांचा इंजेक्टर गंजाचा एक कणही सहन करत नाही.

फिल्टर बदलला तर जुना फेकू नका, कापून बघा. काळा चिखल निघाला तर टाकी धुवायला झाली. तांबूस गंज निघाला तर टाकी आतून गंजलीय. चांदीसारखी चमचम निघाली तर थांबा, पुढे काहीतरी धातू घासतंय. त्याबद्दल शेवटी.

एक जुनी सवय मोडायला हवी. नवीन फिल्टरमध्ये बादलीतलं डिझेल ओतून तो बसवायचा, म्हणजे एअर काढायला सोपं. पूर्वी चालायचं. आता ओतलेलं डिझेल मधल्या भोकातून स्वच्छ बाजूलाच जातं, म्हणजे न गाळता सरळ हाय प्रेशर पंपाकडे. फिल्टर कोरडाच लावा आणि हँड पंप मारा. हात दुखेल, पंप वाचेल.

आता झाकण. टाकीतून डिझेल जाईल तशी तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी ब्रीदर असतो. तो मातीने बुजला की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. घाटात गाडी दमली की लगेच टाकीचं झाकण सैल करा. "फुस्स" करून हवा आत गेली आणि गाडी नीट चालली, तर दुखणं सापडलं. पाटणजवळ एका ड्रायव्हरने झाकण हरवलं म्हणून टाकीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी आणि सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलं होतं, अगदी हवाबंद. गाडी दर वीस मिनिटांनी बंद पडायची. त्याआधी एका गॅरेजने फीड पंप बदलून टाकला होता.

टाकीत डिझेल कमी असेल तर तेही लक्षात घ्या. चढाला डिझेल मागच्या बाजूला जातं आणि ओढणारी नळी उघडी पडते. मालक लोक डिझेल मोजून देतात, त्याचा हा प्रसाद.

हवा धरणं, आणि तीनदा परत आलेली गाडी

टाकी ते फीड पंप ही लाइन ओढणारी आहे, ढकलणारी नाही. तिथे क्लिप सैल असेल, नळीला तडा असेल, बॅन्जो बोल्टचा (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचा वायसर जुनाच परत लावला असेल, तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. म्हणून "कुठे लीकेज नाही" याला अर्थ नाही. थेंब शोधत बसू नका, बुडबुडे शोधा. फीड पंपाआधी हातभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन रेस करून बघा. बुडबुडे सतत आले तर टाकीकडे सरकत एक-एक जोड आवळत या. वायसर प्रत्येक वेळी नवीन. दाबून चपटा झालेला तांब्याचा वायसर दुसऱ्यांदा नीट बसत नाही.

बुडबुडे नाहीत तरी डिझेल कमी येतंय, असं झालं तर कॅनचा प्रयोग. यात काही तोडफोड नाही, आणि माझ्या मते या सगळ्या यादीतली सगळ्यात उपयोगी तपासणी हीच. स्वच्छ डिझेलचा वीस लिटरचा कॅन गाडीवर घट्ट बांधायचा, फीड पंपाची ओढणारी नळी त्यात सोडायची, परतीची नळीही त्यातच, आणि गाडी त्याच घाटात न्यायची. इंजिन, एक्झॉस्ट यांपासून कॅन लांब हवा. गाडी चढली तर दुखणं टाकीत किंवा टाकीच्या लाइनमध्ये. नाही चढली तर फीड पंपाच्या पुढे. म्हणजे गाडीचे सरळ दोन तुकडे केले आणि कोणता तुकडा आजारी ते कळलं.

हा प्रयोग मी एका गाडीमुळे शिकलो. चौदा गाड्यांचा मालक, त्यातली एक दहा चाकी. पहिल्यांदा आली तेव्हा दोन्ही फिल्टर बदलले, चाचणीला कराड-पाटण फिरवली, झकास. आठ दिवसांनी परत. मी फीड पंप बदलला. पुन्हा झकास, पुन्हा परत. मालक वैतागला, दुसरीकडे नेऊन पंप कॅलिब्रेट करून आणला, बिल भलंमोठं. पहिली खेप बरी गेली, दुसऱ्या खेपेला गाडी घाटात आडवी. आता माझी अब्रू पणाला होती. ड्रायव्हर वयस्कर होता. तो म्हणाला, "मिस्त्री, एक ऐका. बंद केली की तिला झोप लागते, उठली की ताजी असते. इंजिनाला झोप लागत नाही, दुसऱ्याच कशाला तरी लागते."

कॅन बांधला, घाट चढलो, गाडी सरसर वर. मग टाकी उतरवली. आत हाताच्या अर्ध्या पंजाएवढा पातळ प्लास्टिकचा तुकडा, ऑइलच्या डब्याच्या तोंडावर असतो तसला. सपाटीला इंजिन थोडं डिझेल ओढतं, तुकडा तळाशी पडून राहायचा. घाटात पूर्ण लोडला ओढ वाढली की तो उचलला जाऊन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाला चिकटायचा. इंजिन बंद, ओढ बंद, तुकडा परत तळाशी. दहा मिनिटांनी गाडी ताजी. मी टेस्टला नेलेला कराड-पाटण रस्ता सपाट आणि गाडी रिकामी, मग काय दिसणार? तुकडा आत गेला कसा, तर टाकीच्या तोंडाची जाळी डिझेल पटपट भरावं म्हणून कोणीतरी काढून टाकली होती.

तेव्हापासून दोन नियम. चाचणी नेहमी भरलेल्या गाडीने आणि त्याच चढावर. आणि जाळी नसलेल्या टाकीवर मी विश्वास ठेवत नाही.

टर्बोपासून इंजिनपर्यंतची हवा

फिल्टर स्वच्छ आहे आणि तरी काळा धूर, तर हवा वाटेत निसटतेय. टर्बो, तिथून इंटरकूलर (हवा थंड करणारी जाळी), तिथून इंजिन: मधले सगळे रबरी होज हाताने चाचपा, खालच्या बाजूनेही, कारण तडा बहुतेक खालीच असतो. जिथे ऑइलचा ओलसर काळा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसेल तिथे लीकेज. उभ्या गाडीत रेस केली तर टर्बो फारसं प्रेशर करत नाही, म्हणून उभ्या-उभ्या शिट्टी ऐकू आली नाही तरी खूश होऊ नका. साबणाचं पाणी मारून बघता येतं, पण पक्की तपासणी म्हणजे दोन्ही टोकं बंद करून हवा भरणं. ती गॅरेजातच करा. बुच नीट बसला नाही तर उडून तोंडावर येतो.

फिल्टर ते टर्बो हा तुकडा वेगळा. तिथे हवा ओढली जाते. जुन्या होजचा आतला थर सुटून लोंबतो, बाहेरून होज नवा दिसतो आणि लोडला आतल्या आत वाट बंद होते. हात घालून बघितल्याशिवाय कळत नाही. हे मला दोनदाच सापडलंय, पण दोन्ही वेळा आधी टर्बो बदलून झालेला होता.

टर्बो तपासायचा तर इंजिन बंद आणि थंड हवं. होज काढून शाफ्ट बोटाने हलवा. किंचित खेळ चालतो, पण पातं बॉडीला घासल्याचे चरे दिसले तर तो गेला. चालू इंजिनवर तिथे बोट नेलं तर बोट परत येणार नाही.

एक्झॉस्ट ब्रेक

याच्याकडे कोणी बघत नाही. एक्झॉस्टच्या पाइपात एक पाकळी असते, उताराला ती बंद होते आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. काजळीने ती अर्धवट बंद राहिली तर धूर बाहेर पडायला वाट नाही, मग हवा आत कशी येणार? इंजिन घोरल्यासारखं वाजतं, गरम होतं, ताकद जाते. घाट उतरून आलेली गाडी पुढच्या चढाला लगेच दमली, तर पहिला संशय इथेच. गाडी थंड झाल्यावर बाहेरचा लिव्हर हाताने हलवा. तो सैल फिरून पूर्ण परत आला पाहिजे. जाम असेल तर गंज सोडवणारं तेल आणि धीर. हातोडी नको, पाकळीचा दांडा वाकतो. लिव्हर ठीक असून बंदच राहत असेल तर स्विच किंवा हवेचा व्हॉल्व्ह बघा.

बीएस-६ ची गाडी

१ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांनी आमचं काम बदललं. इथे पुष्कळदा इंजिनाची ताकद गेलेली नसते, कॉम्प्युटरने ती मुद्दाम कमी केलेली असते. दिवा लागलाय आणि ताकद एका ठरावीक पातळीवर अडकलीय, तर पाना खाली ठेवा.

आधी डीईएफ, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करायला लागणारं युरियाचं पाणी, बघा. टाकी रिकामी आहे का, आणि भरलं होतं ते काय होतं? त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी शुद्ध पाणी लागतं. काही शहाणे शेतीचा युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवून घालतात. आपल्याकडचा शेतीचा युरिया नीम-कोटेड असतो, म्हणजे कडुनिंबाचं तेल लावलेला, आणि बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं. नोझलवर पांढरे खडे जमतात, गाडी अडते, आणि वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट बिल येतं. सीलबंद डबाच घ्या आणि तोही उन्हात ठेवू नका.

मग काजळीचा फिल्टर. गाडी सतत छोट्या फेऱ्या मारत असेल तर तो भरतो, कारण काजळी जाळण्याइतका तो तापतच नाही. दिवा लागल्यावर पुस्तकात लिहिल्याप्रमाणे उभ्या गाडीत रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) करा. त्या वेळी फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापतो. ऊस वाहणाऱ्यांनी हे नीट ऐकावं: फडात, पाचटावर गाडी उभी करून हे बटण दाबायचं नाही. मोकळी, दगडी जागा बघा.

दिवा तरीही राहिला तर स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा. आणि "सिस्टिमच डिलीट करून देतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. ते बेकायदेशीर आहे, आणि मग खरा फॉल्ट आला तरी गाडी सांगणार नाही.

इथे थांबा

इथवर सगळं नीट निघालं तर उरतं ते टॅपेट (व्हॉल्व्हची फट), कॉम्प्रेशन, इंजेक्टर आणि पंप. जुन्या गाडीचं टॅपेट सेटिंग कसबी फिटर गॅरेजात करतो, मालकाने करायचं काम नाही. कॉम्प्रेशनचा अंदाज मात्र घेता येतो: इंजिन चालू असताना ऑइलच्या झाकणातून भकाभक धूर आणि दणके येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली निसटतोय. मग पंपावर खर्च करून उपयोग नाही, इंजिन खोलायला झालंय.

जुन्या पंपाच्या गाडीत आम्ही एक-एक इंजेक्टरचा नट सैल करून कोणता सिलिंडर मरतोय ते शोधायचो. कॉमन रेल गाडीत हे कधीही करू नका. टायरात आठ बारच्या आसपास हवा असते, त्या रेलमध्ये लोडला १६०० बार आणि त्याहून जास्त डिझेल असतं. बारीक फटीतून निघालेली धार कातडीतून आत घुसते. वर दिसते फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण, दुखतही नाही, आणि काही तासांत हात कापायची पाळी येते. लीकेज शोधायचं तर पुठ्ठा फिरवा, हात नाही. चुकून धार लागलीच तर खूण कितीही छोटी असो, तडक मोठ्या हॉस्पिटलात जा आणि "प्रेशरचं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

फिल्टरमध्ये धातूची चमचम दिसली, इंजिनातून ठोका येतोय, ऑइलची पातळी आपोआप वाढलीय आणि त्याला डिझेलचा वास आहे, किंवा पाण्यात ऑइल दिसतंय: यातलं एकही असेल तर गाडी स्टार्टसुद्धा करू नका, टो करून न्या. पंप आणि इंजेक्टर टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच द्या, आणि आधीचे व नंतरचे आकडे लिहून मागा. नुसतं "साफ केलं" हे उत्तर नाही. जुन्या पंपाचं सील तोडून "थोडं डिझेल वाढवून देतो" म्हणणारेही भेटतील. घाट चढेल, धूर ओकेल, आणि एखाद्या उन्हाळ्यात पिस्टन वितळेल.

घाटातून मला किंवा कुणालाही फोन कराल तेव्हा एवढं तयार ठेवा: धूर कोणता, आरपीएम किती, बंद करून चालू केल्यावर काय झालं, झाकण सैल करून बघितलं का, कोणता दिवा लागलाय त्याचा फोटो, आणि वजन खरं किती. म्हणजे कराडहून निघताना बरोबर सामान गाडीत टाकता येतं. नाहीतर हेळवाकपर्यंत पोचायचं आणि एका होजच्या क्लिपसाठी पोराला मागे पाटणला पिटाळायचं.